खेळण्यांच्या मालिकेचे जुने चाहते कालांतराने विटतात की चोखंदळ होतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, एखाद्या खेळण्यांच्या मालिकेवर वर्षानुवर्षे जीव लावलेल्या माणसाला नवे काही आवडेनासे होते तेव्हा त्याचे मन विटलेले असते, की त्याची नजर चोखंदळ झालेली असते. सोबत तुम्ही हेही लिहिले आहे की ट्रान्सफॉर्मर्सची, म्हणजे मोटार किंवा विमानाचे रोबोत रूपांतर करता येणाऱ्या खेळण्यांची, चार खोकी सहा महिन्यांपासून तुमच्या कपाटात न उघडता पडून आहेत आणि त्यामुळे तुम्हाला स्वतःचीच काळजी वाटू लागली आहे. मी याच मालिकेचा जवळजवळ चाळीस वर्षांचा चाहता असल्यामुळे उत्तर तिच्यापुरतेच देतो. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, कारण त्यांचा उगम निराळा आहे. मन विटते ते घोषणा, प्रतीक्षा आणि खरेदी यांच्या फेऱ्यात. पारख वाढते ती खेळणे हातात घेऊन त्याचे रूपांतर पुन्हा पुन्हा केल्याने.

हे मला कुठून कळले ते सांगतो. १९८६ च्या सुमारास, मी आठ वर्षांचा असताना, बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मामाने सिंगापूरहून एक लाल व्हॅन आणली. ती व्हॅन म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधले आयर्नहाइड हे पात्र. तिचा पुढचा भाग सुटा करून उभा केला की त्याला हातपाय येत, पण डोके येत नसे. डोके असायला हवे तिथे एक आसन होते आणि त्यावर चिकटवायला चेहऱ्याचा स्टिकर होता. मला त्यात काही खटकले नाही. पुढे एका शेजाऱ्यांकडे व्हिडिओ कॅसेटवर कार्टून पाहिले, त्यात आयर्नहाइडला चांगले ठसठशीत डोके होते, आणि मग मात्र घरातले खेळणे मला अपुरे वाटू लागले. तिशी उलटल्यावर मला त्यामागचे कारण समजले. ट्रान्सफॉर्मर्स हे नाव १९८४ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने अमेरिकेत आणले, पण पहिल्या वर्षीची बहुतेक खेळणी जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या आधीच्या मालिकांमधून घेतलेली होती. डायाक्लोनमधले रोबो सजीव नव्हते. ती माणसांनी चालवायची यंत्रे होती आणि त्यांच्यात बसायला जेमतेम इंचभर उंचीचा, पायांत चुंबक असलेला चालक मिळत असे. हॅस्ब्रोने तो चालक वगळला, मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडिआन्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे आणि स्वभाव दिले, आणि यंत्रांची माणसे झाली. आयर्नहाइडचे रिकामे आसन हा त्या जुन्या चालकाचा मागे राहिलेला ठसा आहे.

हे कळल्यावर मी ती व्हॅन पुन्हा हातात घेतली तेव्हा तिच्यातली उणीव कमी झाली नव्हती, पण ती उणीव कशाची आहे हे मला आता सांगता येत होते. चोखंदळपणा म्हणतात तो मला इथे दिसतो. आठव्या वर्षी मी सगळे पोटात घातले, पुढे कार्टूनशी तुलना करून नाक मुरडले, आणि तिसऱ्या खेपेला ती वस्तू काय करू पाहत होती आणि कुठे अडली हे पाहू शकलो. बरेच चाहते दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि तिलाच पारख समजतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण १९९६ सालचे आहे. त्या वर्षी बीस्ट वॉर्स ही ट्रान्सफॉर्मर्सचीच नवी मालिका आली, आणि ट्रक व मोटारींच्या जागी गोरिला, चित्ता, गेंडा असे प्राणी आले. अमेरिकेतल्या जुन्या चाहत्यांना हा विश्वासघात वाटला. ‘ट्रक हवा, माकड नको’ अशा अर्थाची मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहिलेली घोषणाच त्यांच्यात रूढ झाली. त्यातल्या अनेकांनी ती खेळणी हातातही घेतली नव्हती. ज्यांनी घेतली त्यांना एक गोष्ट लगेच जाणवली: या प्राण्यांच्या खांद्यांना, खुब्यांना गोलाकार चेंडूसारखे सांधे होते, त्यामुळे रोबो हवा तसा वळत होता, वाकत होता, तोल सांभाळून उभा राहत होता. १९८४ च्या बहुतेक रोबोंना इतकी हालचाल स्वप्नातही शक्य नव्हती. तरीही ‘जुन्यात धातू होता, हे नुसते प्लास्टिक’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याची मोजदाद नाही. धातूचे वजन हाताला सुखावते हे मलाही मान्य आहे, परंतु वजन म्हणजे दर्जा नव्हे, आणि ज्याने दोन्ही प्रकारचे खेळणे तासभर हाताळले आहे तो हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. आज त्याच बीस्ट वॉर्सला जुने चाहते मालिकेचा एक उत्तम काळ मानतात, आणि त्याच्या पात्रांच्या नव्या आवृत्त्यांची आतुरतेने वाट पाहतात.

दुसरी नेहमीची तक्रार साच्यांची आहे: ‘तोच साचा, नुसता रंग बदलला.’ ही तक्रार करणारे चाहते बहुधा स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तीन विमाने मोठ्या अभिमानाने शेजारी शेजारी मांडतात. ती तिन्ही १९८४ साली एकाच साच्यातून निघाली होती. प्राउल, ब्लूस्ट्रीक आणि पुढच्या वर्षी आलेला स्मोकस्क्रीन या मोटारींचेही तसेच. साचा पुन्हा वापरणे हा या धंद्याचा पहिल्या दिवसापासूनचा आधार आहे, कारण पोलादी साचा घडवण्याचा खर्च एका पात्राच्या विक्रीतून भरून निघणे अवघड असते. म्हणून पारखी माणूस साचा जुना की नवा एवढ्यावर थांबत नाही. त्या साच्यावर चढवलेला रंग, बदललेले डोके, निराळे शस्त्र यांतून नवे पात्र उभे राहते का, हे तो पाहतो.

मात्र विटलेल्या चाहत्याचे सगळेच म्हणणे खोटे असते असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण त्याच्या कंटाळ्यात पुष्कळदा खरी माहिती असते. मालिकेचा नायक ऑप्टिमस प्राइम याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या आहेत की एखाद्या वर्षी त्याच्या तीन-चार निरनिराळ्या आकारांच्या प्रती बाजारात असतात. किमतीचेही तसेच आहे. २००७ च्या सुमारास, खऱ्या कलाकारांचा पहिला चित्रपट आला तेव्हा, डीलक्स नावाच्या मध्यम आकाराचे खेळणे अमेरिकेत दहा-अकरा डॉलरला मिळत असे. २०२३ पर्यंत त्याची किंमत पंचवीस डॉलरच्या घरात गेली. महागाई धरली तरी ही वाढ जास्त आहे; खेळणे मात्र फारसे मोठे झालेले नाही, आणि हे मोजून सांगणाऱ्याला कुरकुऱ्या म्हणणे अन्यायाचे आहे.

पण मला खरा घात दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. पूर्वी खेळणे दुकानात अचानक समोर यायचे. खोक्याच्या मागच्या बाजूला त्या पात्राची माहिती असे, ताकद, वेग, बुद्धी यांचे आलेख असत, आणि ते वाचायला लाल पारदर्शक पट्टी डोळ्यांसमोर धरावी लागे. ओळख तिथून सुरू व्हायची. आता खेळण्याची घोषणा कित्येक महिने आधी होते. प्रथम संगणकावरची चित्रे येतात, मग नमुन्याची छायाचित्रे, मग कोणा परदेशी ग्राहकाला लवकर मिळालेल्या प्रतीचा पाऊण तासाचा व्हिडिओ, ज्यात त्याचा प्रत्येक सांधा, प्रत्येक पोकळ बाजू, प्रत्येक न रंगवलेला कोपरा दाखवलेला असतो. खोके घरी येईपर्यंत त्या खेळण्याविषयीची सगळी मते बनून, त्यावर वाद होऊन, ती शिळीही झालेली असतात. हाताला करायला काही उरत नाही. तुमची चार खोकी बंद राहिली त्याचे कारण मला इथेच असावेसे वाटते: तुम्ही ती खेळणी पाहून पाहून संपवली आहेत, पण अजून त्यांना हात लावलेला नाही.

आपल्याकडच्या चाहत्यांना या बाबतीत परिस्थितीनेच थोडी शिस्त लावली. खेळण्यांवरचे आयातशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले गेले, २०२३ साली ते ७० टक्के झाले, आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र अनिवार्य झाले. त्यानंतर मला हवी असलेली बरीच खेळणी इथल्या दुकानांत दिसेनाशी झाली, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानात जेवढी जागा असेल तेवढ्यावर भागवावे लागले. बहिणीच्या बॅगेत दोनच खोकी मावणार असतील तर कोणती दोन, हा प्रश्न महिनाभर डोक्यात घोळतो, आणि त्या महिन्यात वीसपैकी अठरा खेळण्यांविषयीची ओढ आपोआप ओसरते. (याच संदर्भात एक जिव्हाळ्याची गोष्ट: एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या फनस्कूलने जी. आय. जो ही हॅस्ब्रोची सैनिकांच्या बाहुल्यांची दुसरी मालिका भारतातच बनवली होती. कंपनीचा एक कारखाना गोव्यात आहे. त्या भारतीय बाहुल्यांची चमत्कारिक रंगसंगती आज परदेशातले संग्राहक मुद्दाम शोधतात, आणि आपण मात्र त्या लहानपणी मातीत खेळून झिजवल्या.)

पारख म्हणजे नेमके काय, हेही सांगायला हवे, नाहीतर तो एक गोड शब्द होऊन बसतो. खुबा वळवताना खटक्याखटक्याने अडतो की नुसत्या घर्षणावर टिकतो, हे बोटांना कळणे म्हणजे पारख. एखादी पटल फिरवताना किती जोर लावला तर ती वाकेल आणि किती लावला तर खिळीजवळ पांढरी रेघ उमटेल, हे आधीच उमगणे म्हणजे पारख. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत निघालेल्या काही खेळण्यांत सोनेरी झाक आणण्यासाठी चकचकीत कण मिसळलेले प्लास्टिक वापरले होते. ते कालांतराने इतके ठिसूळ होते की खोक्यात नुसते ठेवले तरी त्याचा भुगा होऊ शकतो. कोणती खेळणी अशी आहेत आणि कोणत्यांचे रूपांतर करायला जाऊ नये, याची माहिती चाहत्यांनीच एकमेकांच्या नुकसानीतून गोळा केली. विटलेल्या माणसांकडून हे काम झाले नसते.

चोखंदळपणालाही त्याचा एक आजार आहे, आणि तो मी माझ्या वर्तुळात पाहिला आहे. २००३ साली ताकाराने मास्टरपीस ही प्रौढ चाहत्यांसाठीची मालिका ऑप्टिमस प्राइमपासून सुरू केली. त्याच पात्राची नवी मास्टरपीस आवृत्ती २०११ साली आली, आणखी एक २०१९ साली. प्रत्येक वेळी रोबो कार्टूनमधल्या आकृतीच्या अधिक जवळ गेला आणि त्यासाठी आतली रचना अधिक गुंतागुंतीची झाली. कार्टूनशी हुबेहूब असणे हेच एकमेव मोजमाप ठरले की पारख अरुंद होते. खेळण्याचे रूपांतर हा त्याचा प्राण आहे. ते करताना माणूस श्वास रोखून बसत असेल आणि एकदा केल्यावर दुसऱ्यांदा करायला धजत नसेल, तर ती वस्तू सुंदर मूर्ती असेल, पण माझ्या लेखी खेळणे म्हणून ती उणी आहे. २०२४ साली ताकारा टोमीने (ताकाराचेच आजचे नाव) मिसिंग लिंक ही मालिका आणली, जिच्यात १९८४ च्या खेळण्याचे बाह्यरूप आणि रूपांतर बहुतांशी तसेच ठेवून त्यात नवे सांधे बसवले आहेत. मला हा विचार मनापासून आवडला, कारण तो आठवणीतल्या खेळण्याचा मान राखतो आणि त्याच वेळी ते खेळणे जिथे अडले होते तिथे हात घालतो.

जुने चाहते विटलेले आहेत असे सरसकट म्हणणाऱ्यांनी २०१९ सालच्या युनिक्रॉनची आठवण ठेवावी. १९८६ च्या ॲनिमेशनपटातला हा ग्रह गिळणारा दैत्य सुमारे २७ इंच उंचीचा बनवण्यासाठी हॅस्ब्रोने ८,००० आगाऊ खरेदीदारांची अट घातली होती, किंमत होती ५७५ डॉलर. मुदत वाढवावी लागली, पण संख्या पूर्ण झाली. मी त्यात नव्हतो, कारण माझ्या घरात तो उभा करायला जागा नाही आणि तेवढे पैसे एका खेळण्यावर घालणे मला पटले नाही. ज्यांनी घातले त्यांची ओढ मात्र खरी होती.

आता तुमच्या खोक्यांकडे येतो. गेल्या दोन वर्षांपासून मी घोषणा आणि आगाऊ व्हिडिओ पाहणे बंद केले आहे. माझी खरेदी वर्षाला पंधरा-सोळावरून तीन-चारवर आली, आणि ती तीन-चार खेळणी लिहिण्याच्या टेबलावर उघडीच असतात. फोनवर बोलताना हात आपोआप त्यांच्याकडे जातो. तुम्ही त्या चारांपैकी एक खोके येत्या रविवारी उघडा. सूचनापत्रक आधी वाचू नका, कोणाचा व्हिडिओ लावू नका, आणि जिथे अडाल तिथे सांधा कोणत्या दिशेला जाऊ पाहतो आहे ते बोटांनी शोधा. दोन वेळा पूर्ण रूपांतर झाल्यावर त्यात काय खटकले ते एका कागदावर लिहा. सांध्यांविषयी, वजनाविषयी, रंगाविषयी काही लिहिता आले तर उरलेली तीन खोकी ठेवायची की देऊन टाकायची हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. कागद कोरा राहिला तर ती तिन्ही खोकी अशा कोणाला तरी द्या ज्याने त्यातले एकही खेळणे आधी पडद्यावर पाहिलेले नाही, आणि पुढची मागणी नोंदवण्यापूर्वी वर्षभर थांबा.