दत्तक दिलेल्या मुलावर जन्मदात्यांचा हक्क किती?

प्रश्न : धाकटा मुलगा तीन वर्षांचा असताना दीर-जावेला दत्तक दिला. त्याला पाच वर्षं झाली. दत्तकपत्र नोंदवलेलं आहे. आता दोन्ही घरांत बिनसलंय आणि ते मुलाला भेटू देत नाहीत. दत्तक मोडता येईल का? निदान भेटीचा हक्क तरी?

उत्तर : मोडता येणार नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम १५ नुसार वैध दत्तक कोणालाच रद्द करता येत नाही. दत्तक घेणाऱ्यांना नाही, तुम्हाला नाही. मुलगा मोठा होऊन ‘मी परत जन्मघरी जातो’ म्हणाला, तरी त्यालाही नाही. कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या दिवशीच जन्मघराशी त्याचं कायदेशीर नातं संपलं. आज कायद्याच्या नजरेत तुम्ही त्याच्या काकू आहात, आई नव्हे. त्यामुळे ‘आई म्हणून ताबा द्या, भेट द्या’ असा दावा उभा राहत नाही. दत्तकपत्रात ‘अधूनमधून भेटू देऊ’ असं लिहून घेतलं असेल, तर त्याला घरच्यांमधल्या शब्दाची किंमत आहे. तेवढ्याने आईपणाचा हक्क परत येत नाही.

वाट उरते ती एकच : दत्तक मुळात वैध नव्हतं, असं दाखवणं. मूल देताना आई आणि वडील दोघांची संमती होती का? मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी झाला का? (दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचा धार्मिक होम, झालाच पाहिजे असं नाही.) मुलगा दत्तक घेतला त्या वेळी दिरांना स्वतःचा मुलगा किंवा मुलाचा मुलगा हयात होता का? असेल, तर ते दत्तक टिकत नाही. पण दोन अडचणी आहेत. दत्तकपत्र देणारा-घेणारा दोघांच्या सह्यांनिशी नोंदलेलं असेल, तर कलम १६ मुळे न्यायालय दत्तक कायद्यानुसारच झालं असं धरून चालतं आणि उलटं सिद्ध करणं तुमच्यावर येतं. शिवाय दत्तक अवैध ठरवून मागायची मुदत, ते माहीत झाल्यापासून तीन वर्षं. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा कोर्टापेक्षा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घालणं हेच खरं. मुलाचे हाल होत असतील तर गोष्ट वेगळी. मग बालकल्याण समितीकडे (मुलांच्या संरक्षणासाठीची जिल्ह्यातली सरकारी समिती) किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कोणीही तक्रार करू शकतं, तुम्हीसुद्धा.

प्रश्न : माझ्या अविवाहित बहिणीने गेल्या महिन्यात बाळ बालकल्याण समितीपुढे सोपवलं. आता तिचं मन बदललंय. उशीर झाला का?

उत्तर : अजून नाही, पण दिवस मोजून ठेवा. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३५ प्रमाणे फेरविचाराला दोन महिने मिळतात, आणि ते बाळ सोपवताना समितीपुढे केलेल्या कागदाच्या तारखेपासून मोजायचे, बाळंतपणापासून नव्हे. इथे हमखास चूक होते ती अशी, की आई संस्थेतल्या ताईंशी तोंडी बोलते आणि काम झालं असं समजते. अर्ज समितीकडे, लेखी द्या. पोच घ्या. मुदत संपली की समिती बाळ दत्तकासाठी मुक्त असल्याचं जाहीर करते.

अशा दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. त्यावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील होतं. मात्र केवळ मन बदललं, एवढ्या कारणावर तिथे फारसं हाती लागणार नाही.

पुढे बाळ मोठं होऊन आपलं मूळ शोधू शकतं : अठरानंतर स्वतः, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत अर्ज करून. सोपवताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी तिची संमती विचारली जाते.

प्रश्न : दत्तक गेलेल्या मुलाला आमच्या मालमत्तेत वाटा मिळतो का?

उत्तर : वारस म्हणून नाही, आणि तुम्हीही त्याचे वारस नाही. द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. दत्तक जाण्याआधी वाटणीने किंवा वारशाने त्याच्या नावे झालेली जमीन मात्र त्याचीच राहते, तिच्यावरच्या बोजासकट. एकत्र कुटुंबातल्या न वाटलेल्या हिश्श्याबाबत उच्च न्यायालयांचे निकाल एका सुरात नाहीत. तिथे सातबारा आणि फेरफार घेऊन वकिलांना दाखवा. आणि हो, जन्मघरातल्या ज्या नात्यांत त्याचं लग्न होऊ शकत नव्हतं, ती बंदी दत्तकानंतरही कायम असते.