हाउसफुल्लचा बोर्ड आणि रिकामी बाकं

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल

मुलं शिकायला अमेरिकेत गेलेल्या घरांतून या विषयावर बरेच प्रश्न येतात. इथे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकी फुटबॉल. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर एका विद्यापीठाच्या 12 मॅच होतात, बहुतेक शनिवारी, आणि त्यातल्या सहा-सात घरच्या मैदानावर.

प्रश्न : मुलगा नेब्रास्का विद्यापीठात एमएस करतोय. तो सांगतो की तिथली घरची प्रत्येक मॅच 1962 पासून हाउसफुल्ल आहे. पण मोबाइलवर मॅच बघताना वरच्या कोपऱ्यातली बाकं रिकामी दिसतात. मग हाउसफुल्ल म्हणायचं कशाला? (नागपूर)

उत्तर : मुलगा सांगतो तेही खरं आणि तुम्हाला दिसतं तेही खरं. हाउसफुल्ल तिकीट खिडकीवर ठरतं. फाटकातून आत किती माणसं आली हा हिशेब वेगळा.

मॅचच्या दिवशी विद्यापीठाकडे तीन आकडे असतात. पहिला, पैसे घेऊन विकलेल्या तिकिटांचा. दुसरा, एकूण वाटलेल्या तिकिटांचा. त्यात पाहुण्यांचे पास येतात, आणि काही ठिकाणी बँडमधली मुलं, पत्रकार, कर्मचारी, खाण्याच्या टपऱ्यांवरचे लोकही धरतात. तिसरा, फाटकावर स्कॅन झालेल्या तिकिटांचा. मॅच चार डावांची असते; चौथ्या डावात पडद्यावर झळकतो तो आकडा बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा असतो. वॉल स्ट्रीट जर्नलने 2018 मध्ये विद्यापीठांकडून स्कॅनचे आकडे मागवून तपासले. 2017 च्या मोसमात जाहीर आकड्याच्या सरासरी 71 टक्केच तिकिटं स्कॅन झाल्याचं त्यात निघालं. म्हणजे शंभर जाहीर केले तर एकूणतिसांचा पत्ता नाही.

नेब्रास्काची मालिका 3 नोव्हेंबर 1962 रोजी मिझुरीविरुद्धच्या मॅचपासून सुरू झाली. बॉब डेव्हेनी यांचं प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष. ती मालिका आता चारशेच्या पुढे गेली आहे. 2020 मध्ये कोविडमुळे प्रेक्षकच नव्हते, ते वर्ष मोजत नाहीत. या राज्यात एकही व्यावसायिक एनएफएल संघ नाही. मॅचच्या दिवशी लिंकन शहरातलं विद्यापीठाचं हे स्टेडियम लोकसंख्येत ओमाहा आणि लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं शहर बनतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षं संघ जिंकण्यापेक्षा जास्त हरला, तरी मालिका टिकली. त्यासाठी कष्टही घ्यावे लागले. 2021 मध्ये तिकिटं उरायला लागली, तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेऊन गरजू मुलांना वाटली. याला आम्ही फसवणूक म्हणणार नाही. तिकिटाचे पैसे आले आणि ज्यांना परवडलं नसतं ती पोरं मैदानात बसली. मात्र अशी मालिका हा मागणीचा पुरावा राहत नाही, ती जपायची परंपरा होऊन बसते, एवढं ध्यानात ठेवावं.

नोटर डेम विद्यापीठाने दुसरी वाट धरली. 1973 च्या थँक्सगिव्हिंगला, विद्यार्थी सुटीवर असताना, एअर फोर्सविरुद्धची (हवाई दलाच्या अकादमीचा संघ) मॅच भरली नव्हती. त्यानंतर सलग 273 मॅच हाउसफुल्ल गेल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये नेव्हीविरुद्ध (नौदल अकादमीचा संघ) 77,622 च्या मैदानासाठी 74,080 हा आकडा जाहीर झाला आणि मालिका तिथे संपली. साडेतीन हजार तिकिटं कुणा दात्याच्या गळ्यात घालणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ते केलं नाही, आणि आम्हाला हे वागणं जास्त पटतं.

प्रश्न : आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणी हलत नाही. अमेरिकेत मात्र विद्यार्थी मध्यंतरातच निघून जातात, असं भाचा सांगतो. तिकिटाचे पैसे भरून असं का? (कोल्हापूर)

उत्तर : या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं कारण वेळ. खेळाचं घड्याळ 60 मिनिटांचं, पण मॅच चालते साडेतीन तासांच्या आसपास. घड्याळ वारंवार थांबतं, शिवाय टीव्हीच्या जाहिरातींसाठी वेगळे विराम असतात. घरी बसलेल्याला जाहिरात दिसते, मैदानातल्याला नुसते उभे राहिलेले खेळाडू. 2023 पासून प्रत्येक फर्स्ट डाउननंतर, म्हणजे चेंडू दहा यार्ड पुढे नेल्यावर, घड्याळ थांबवणं बंद केलं, फक्त प्रत्येक अर्ध्यातली शेवटची दोन मिनिटं वगळून. त्याने थोडा वेळ वाचला, फार नाही.

दुसरं कारण प्रतिस्पर्धी. मोसमाच्या सुरुवातीला मोठी विद्यापीठं पैसे देऊन लहान संघ बोलावतात. मध्यंतरालाच 35-0 झालं की मुलं सप्टेंबरच्या उन्हात कशाला थांबतील? कधीमधी डाव उलटतो. 2007 मध्ये चार लाख डॉलर मानधन घेऊन आलेल्या अॅपलाचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानात 34-32 असं हरवलं. पण अशी मॅच विरळा.

तिसरं कारण विद्यापीठांच्या हातातलं आहे : विद्यार्थ्यांच्या जागांची व्यवस्था. मिशिगनचं उदाहरण प्रत्येक क्रीडा विभागाने भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. तिथे वरच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना पुढच्या जागा ठरवून मिळत. 2013 मध्ये ते मोडून 'आधी येईल त्याला पुढे' सुरू केलं. मुलं वेळेवर यावीत हा हेतू. झालं असं की चार वर्षं वाट बघून पुढच्या रांगेचा हक्क मिळवलेली मुलं एका फटक्यात मागे गेली, आणि मित्रांच्या टोळक्याला एकत्र जागा मिळेना. दर तर मॅचमागे सुमारे 40 डॉलरवर गेला होता. 2014 मध्ये ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट आणि नोटर डेम या तिन्ही मोठ्या मॅच परगावी होत्या, संघही धड खेळत नव्हता. विद्यार्थ्यांची मोसमी (पूर्ण मोसमाची) तिकिटं वीस हजारांच्या घरातून बारा हजारांच्या आसपास आली. जागांची पद्धत पुन्हा बदलावी लागली, आणि 2015 ला दर मॅचमागे 25 डॉलर केला तेव्हा कुठे मुलं परतू लागली.

अलाबामाने उलटा उपाय केला. 2019 मध्ये त्यांनी मोबाइल अॅप काढलं. मॅचला आलं की 100 गुण, चौथ्या डावापर्यंत थांबलं की आणखी 250. हे गुण पुढे मोठ्या मॅचच्या तिकिटांसाठी कामी येतात. मूल मैदानात आहे की नाही हे फोनच्या ठिकाणावरून कळतं, म्हणून खासगीपणावरून टीकाही झाली. आमच्या मते हा उपाय पायांना बांधतो, मन तिथे आणत नाही.

टेक्सस ए अँड एममध्ये असं काही लागत नाही. तिथला विद्यार्थी स्वतःला 'बारावा गडी' म्हणवतो. 2 जानेवारी 1922 च्या मॅचमध्ये संघातली मुलं जखमी होत गेली, तेव्हा ई. किंग गिल हा विद्यार्थी गॅलरीतून खाली उतरून गणवेश चढवून बाजूला उभा राहिला. त्याला खेळायची वेळ आली नाही. पण गरज पडली तर आम्हीही तयार आहोत हे दाखवायला विद्यार्थी आजही पूर्ण मॅच उभ्याने बघतात.

विद्यार्थ्याच्या स्वस्त तिकिटातून विद्यापीठाला फारसं मिळत नाही हे खरं. पण विसाव्या वर्षी शनिवारी मैदानात जायची सवय लागली नाही, तर चाळिसाव्या वर्षी तोच माणूस महागडं मोसमी तिकीट घेणार नाही. 2018 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाची सरासरी उपस्थिती 42 हजारांच्या खाली, 1996 नंतरच्या नीचांकावर गेली, त्यामागे ही तुटलेली सवयही आहे असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : ओहायोतला भाऊ म्हणतो, मोसमी तिकीट घ्यायचं तर आधी 'देणगी' द्यावी लागते. हे काय प्रकरण? (पुणे)

उत्तर : चांगल्या जागेच्या तिकिटाची किंमत दोन भागांत असते. एक छापील दर, दुसरी त्या जागेचा हक्क टिकवण्यासाठी क्रीडा निधीला दर वर्षी द्यायची रक्कम. मधल्या रेषेजवळ ती जास्त, कोपऱ्यात कमी किंवा शून्य. 2017 पर्यंत या रकमेच्या 80 टक्के भागावर करसवलत मिळे. 2018 पासून ती बंद झाली, म्हणजे तीच जागा न बोलता महाग झाली. भावाला सांगा, देणगीची पावती आली तरी जागेच्या हक्कासाठी दिलेली रक्कम कर विवरणात वजावट म्हणून दाखवू नये.

आता आणखी एक ओझं आलं आहे. 2025-26 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल 2 कोटी 5 लाख डॉलर. टेनेसीने तर 2025 च्या मोसमी तिकिटांवर 10 टक्के 'टॅलेंट फी' लावली. खेळाडूंना वाटा मिळालाच पाहिजे. तो वरच्या रांगेत बसणाऱ्या कुटुंबाच्या खिशातून काढावा का, हा प्रश्न मात्र उरतो.

प्रश्न : प्रेक्षक कमी आले तर विद्यापीठावर काही कारवाई होते का? (मुंबई)

उत्तर : आता नाही. वरच्या गटात राहायला दोन वर्षांतून किमान एकदा घरच्या मॅचची सरासरी 15,000 हवी, असा नियम होता. 2023 मध्ये तो काढून टाकला आणि खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांच्या अटी कडक केल्या.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मुलीकडे अॅन आर्बरला जातोय. मिस्टरांचे गुडघे दुखतात. एक तरी मॅच बघायची आहे. तिकीट कसं काढायचं, काय न्यायचं? (ठाणे)

उत्तर : जरूर बघा. तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे. 7 सप्टेंबर 2013 ला नोटर डेमविरुद्ध 1,15,109 असा आकडा जाहीर झाला होता. नोव्हेंबर 1975 पासून, 2020 वगळता, इथल्या कुठल्याही मॅचचा जाहीर आकडा लाखाच्या खाली गेलेला नाही. जाहीर आकडा म्हणजे काय ते वर आलंच आहे.

आधी मॅच निवडा. प्रतिस्पर्धी जितका मोठा तितका दर चढा. ओहायो स्टेटची मॅच नोव्हेंबरअखेरीस असते आणि विषम वर्षी अॅन आर्बरला. त्या वाटेला पहिल्याच खेपेला जाऊ नका. मध्यम संघाविरुद्धची मॅच घ्या. विमानाचं तिकीट काढताना एक पथ्य पाळा : मॅचची तारीख महिनोन्‌महिने आधी कळते, पण वेळ बहुतेकदा टीव्हीवाले 12 दिवस आधी ठरवतात, कधी सहाच दिवस आधी. दुपारी 12 ते रात्री साडेसात यांतली कुठलीही वेळ येऊ शकते. म्हणून शनिवारी रात्रीचं परतीचं विमान ठेवू नका. हॉटेलं शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री एकत्रच घ्यायला लावतात. मुलीकडे उतरणार असाल तर ती चिंता मिटली.

तिकीट आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा. 'संपली' दिसलं तर निराश होऊ नका. मोसमी तिकीटवाले न जमणाऱ्या मॅचची तिकिटं सीटगीक, स्टबहबसारख्या संकेतस्थळांवर विकायला ठेवतात. मे 2025 पासून तिथे सगळ्या शुल्कांसकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक आहे. साधी मॅच असेल आणि पावसाचा अंदाज असेल तर शेवटच्या दोन दिवसांत दर उतरतात. मोठ्या मॅचला ही वाट बघणं अंगाशी येतं.

मुलीच्या मैत्रिणीचं विद्यार्थी तिकीट वापरायचा मोह होईल. अनेक विद्यापीठांत विद्यार्थी नसलेल्याला ते जादा पैसे भरून बदलून घ्यावं लागतं, नाहीतर फाटकावर अडवतात. तिकिटं मोबाइलवरच येतात आणि त्यांचा बारकोड सतत बदलणारा असू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट चालेलच असं नाही. मुलीने ती तुमच्या फोनवर रीतसर पाठवावीत, तुम्ही घरून निघण्याआधी फोनमधल्या वॉलेट अॅपमध्ये साठवावीत. लाख माणसं एका जागी जमली की मैदानाजवळ नेटवर्क रांगतं.

गुडघ्यांसाठी महत्त्वाचं : हे मैदान जमिनीत खोदून केलेलं आहे. फाटकातून शिरलात की बऱ्याचशा जागा खाली उतरून असतात. रांगेचा आकडा जितका लहान तितक्या पायऱ्या जास्त, आणि परतताना त्या सगळ्या चढायच्या. पुढची रांग भारी, या आपल्या नाटकाच्या हिशेबाने जाऊ नका. फाटकाच्या पातळीजवळची मोठ्या आकड्याची रांग घ्या. तिथून खेळाची मांडणीही चांगली दिसते. उतरणं अजिबातच नको असेल तर अपंगांसाठीच्या जागा विचारा, त्या वेगळ्या विकतात.

बाकं धातूची आणि बहुतेक बिनपाठीची, माणशी जागा जेमतेम दीड फूट. बसायला पातळ गादी घ्या, धातू थंडीत गारठतो. ऑक्टोबरात दुपारी 15 अंश असलं तरी संध्याकाळी तापमान 5 अंशांच्या आसपास उतरतं. छत्री चालत नाही, टोपीचा रेनकोट लागतो. पर्स-पिशव्यांचे नियम कडक आहेत. बऱ्याच मैदानांवर 12 बाय 6 बाय 12 इंचांची पारदर्शक पिशवी आणि तळहाताएवढं पाकीट एवढंच चालतं, काही ठिकाणी तेही नाही. निघायच्या दिवशी संकेतस्थळ बघून घ्या. घरचा डबा फाटकावर टाकून द्यावा लागेल. तो बाहेर गवतावर, गोल्फ मैदानाजवळ लोक गाड्यांच्या डिक्या उघडून जेवत असतात तिथेच संपवा. गर्दीची ती बाजूही बघण्यासारखी असते.

मॅचच्या दोन तास आधी पोचा. मध्यवर्ती कॅम्पसपासून स्टेडियम दोन किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी तिथेच ठेवून चालत गेलेलं बरं, नाहीतर शहराची मॅचसाठीची बस बघा. जवळपास वीज चमकली की खेळ थांबवून सर्वांना आडोशाला जायला सांगतात, आणि शेवटच्या कडकडाटानंतर 30 मिनिटं गेल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. नवी वीज चमकली की मोजणी पुन्हा शून्यापासून. 2014 मध्ये युटाविरुद्धची मॅच अशीच अडीच तासांच्या आसपास थांबली होती. गुडघ्यांच्या गोळ्या आणि रात्रीची औषधं खिशात असू द्या.