तीन महिन्यांत दहा किलो : ट्रेनरने काय उत्तर द्यावे?

प्रश्न : मी नाशिकमध्ये चार वर्षांपासून पर्सनल ट्रेनर म्हणून काम करतो. माझ्याकडे घरी व्यायाम शिकणाऱ्या एक काकू आहेत. वय ५२, वजन ७२ किलो, सहा वर्षांपासून मधुमेह आणि त्यासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. मुलाचे लग्न तीन महिन्यांवर आल्याने ‘दहा किलो कमी करून द्या’ असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि मीही ‘करू या’ म्हणालो. सात आठवड्यांत तीन किलो उतरले, पण आता त्या निराश झाल्या आहेत आणि आठवड्यातून दोनदा तरी व्यायाम रद्द करतात. मध्यंतरी त्यांनी मला न सांगता रात्रीचे जेवण बंद केले होते. त्या दिवसांत एकदा सकाळी व्यायाम करताना त्यांना दरदरून घाम फुटला व हात थरथरू लागले, पण लिंबूसरबत दिल्यावर बरे वाटले. त्यांचे ध्येय मी कसे पूर्ण करू? — एक ट्रेनर, नाशिक

उत्तर : वजनाचे नंतर बघू. तुम्ही ओझरता उल्लेख केलेला तो घाम आणि ती थरथर तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि रुग्ण जेवला आहे की नाही हे त्या गोळीला कळत नाही. त्यात रात्रीपासून पोट रिकामे आणि व्यायाम करणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेत असलेले, म्हणजे साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाण्यासाठी लागणारे सगळे जुळून आले होते. लिंबूसरबत देऊन तुम्ही योग्यच केलेत. मात्र अशा वेळी सरबतात साधी साखरच असावी, तीन लहान चमचे पुरतात. पंधरा मिनिटे बसवून ग्लुकोमीटरवर पुन्हा तपासावे, त्यानंतर काहीतरी खायला द्यावे आणि त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवावा. हा प्रसंग त्यांच्या डॉक्टरांना आजच कळायला हवा. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची की नाही हे केवळ डॉक्टर ठरवतील, त्यात तुम्ही किंवा मी एका शब्दानेही पडायचे नाही. यापुढे व्यायाम सुरू करण्यापूर्वी त्यांची साखर मोजून वहीत लिहा. ती १०० च्या आसपास किंवा खाली असेल, तर आधी एखादे केळे किंवा पोळी पोटात जाऊ द्या. उपवासाच्या दिवशी फक्त हलके चालणे ठेवा.

आता दहा किलोंबद्दल. ७२ किलोंतून दहा किलो म्हणजे शरीराच्या वजनाचा जवळजवळ सातवा हिस्सा. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरणे साधारणपणे सुरक्षित मानले जाते, परंतु पाळी जाण्याच्या वयातील, झोप वारंवार मोडणाऱ्या आणि मधुमेह असलेल्या स्त्रीकडून मी अर्ध्या किलोच्या वर अपेक्षा धरत नाही. त्या हिशेबाने बारा आठवड्यांत सहा किलो, तेही सगळे सुरळीत पार पडले तर. हे पहिल्या दिवशी सांगणे तुम्हाला जड गेले असेल, कारण समोर हौसेने बसलेल्या माणसाला ‘एवढे होणार नाही’ म्हणणे कोणालाच आवडत नाही. तरीही ते सांगणे आपल्या कामाचाच भाग आहे. तुम्ही ‘करू या’ म्हणालात तेव्हाच काकूंच्या मनात दहाचा आकडा पक्का झाला आणि उतरलेले तीन किलो त्यांना अपयश वाटू लागले. वास्तविक वजनात पाच टक्क्यांची घट झाली तरी मधुमेहींची साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. काकूंसाठी पाच टक्के म्हणजे सुमारे साडेतीन किलो. त्या तिथवर जवळपास पोचल्या आहेत, पण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नाही.

माझी एक चूक येथे सांगते. या कामात मी नवी असताना साठीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांनी अर्जावर ‘आठ किलो कमी करणे’ असे लिहिले होते आणि चार महिने मी त्या आठाच्या मागे लागले. पाच किलो उतरले, त्यानंतर ते यायचे थांबले. पुढे मंडईत भेटले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, ‘मला काय, मधे न बसता पर्वती चढायची होती.’ पर्वतीच्या पायऱ्या १०३. त्या चढण्यासाठी पायांची ताकद आणि दम कसा वाढवायचा हे मला नीट ठाऊक होते, पण मी त्यांना कधी विचारलेच नाही. आजही नवीन व्यक्ती आली की पहिली अर्धी बैठक मी केवळ विचारण्यात आणि ऐकण्यात घालवते.

काकूंनाही विचारा की लग्नात त्यांना नेमके काय करता यायला हवे आहे. मला वाटते, उत्तर केवळ साडी आणि फोटो यांपुरते असणार नाही. वरमाईला देवक बसवण्यापासून पाटावर मांडी घालून बसावे लागते, मध्येच उठावे लागते आणि पुन्हा बसावे लागते. गुडघे धरून, कोणाचा तरी हात मागून उठणे त्या वयाच्या अनेक बायकांच्या मनाला फार लागते. ‘कोणाचा आधार न घेता पाटावरून उठणे’ हे ध्येय त्यांना पटले, तर तुम्हाला उरलेल्या पाच आठवड्यांचे काम मिळाले असे समजा.

ते काम मी असे करते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यावर दोन उशा ठेवते आणि हात छातीशी बांधून त्यावरून उठायला व सावकाश बसायला सांगते. बसताना मनात चार अंक मोजायचे, धपकन बसायचे नाही. दहा वेळा सहज जमू लागले की एक उशी काढते, मग दुसरी. त्यानंतर खुर्चीऐवजी बुटके स्टूल येते आणि सर्वांत शेवटी पाट, तोही सुरुवातीला शेजारी पलंगाची कड धरायला ठेवून. गुडघ्यात टोचल्यासारखे दुखले तर एक पायरी मागे येते. नुसती ओढ जाणवली तर तेथेच थांबून पुढच्या वेळी पुन्हा करते. याच्या जोडीला भिंतीवरचे जोर आणि पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी उचलणे हे व्यायाम पुरेसे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. काकू सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे पाच दिवस चालल्या, तर पहिला भाग तुमच्या गैरहजेरीतही भरून निघेल.

वजनकाट्यावर आठवड्यातून एकदाच उभे करा. दर पंधरा दिवसांनी कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सहज सोडलेला असावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. कंबर दोन सेंटिमीटरने कमी झाली तर साडीचा निरी-पदरही वेगळा बसतो आणि ते काकूंना तुमच्याआधी कळेल. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी लग्नाच्या सुमारास होणारच असेल, तर तो अहवालही वहीत नोंदवा.

रात्रीचे जेवण परत सुरू करायला सांगा. दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आता ६९ किलोंवर आलेल्या काकूंना ५७-५८ ग्रॅम. आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी भात-पोळी आणि रात्री पुन्हा भात असे जेवण असेल, तर हा आकडा गाठला जात नाही. एक वाटी घट्ट वरणातून सुमारे सात ग्रॅम, दोन अंड्यांतून बारा ग्रॅम आणि मूठभर फुटाण्यांतून सहाएक ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर हा हिशेबही आहारतज्ज्ञांकडेच सोपवावा.

प्रश्न : माझे बारावीनंतरचे शिक्षण चालू आहे. तालमीत जोर-बैठका काढत वाढलो आणि ट्रेनर व्हावे असे वाटते. स्वतःचे शरीर चांगले कमावले आहे, तेवढे पुरेल का? — एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : पुरणार नाही, पण पाया उत्तम आहे. तालमीत वस्ताद प्रत्येक पोराची उठबस वेगळी ठेवतात, नव्या पोराला पहिल्या दिवशी हजार बैठका सांगत नाहीत. ती नजर तुम्ही पाहिली आहे, ती सोडू नका. त्यावर शरीररचनाशास्त्राचा अभ्यास, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचे प्रत्यक्ष प्रशिक्षण यांची भर घाला. हृदय बंद पडलेल्या प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. हे वाचून येत नाही, बाहुल्यावर हात दुखेपर्यंत करूनच येते. त्यानंतर किमान सहा महिने एखाद्या अनुभवी ट्रेनरच्या शेजारी उभे राहा आणि चाळिशी-पन्नाशीची, पोट सुटलेली, गुडघे धरलेली माणसे पाहा. तुमच्यासारखी कसदार शरीरे तुमच्याकडे क्वचितच शिकायला येतील.

प्रश्न : माझा ट्रेनर दरमहा स्वतःकडचाच प्रोटीन पावडरचा डबा आणि ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्या घ्यायला लावतो. नाही म्हटले तर परिणाम दिसणार नाही म्हणतो. काय करावे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गोळ्या आजच बंद करा. त्यांत बहुधा कॅफिनसारखी उत्तेजक द्रव्ये असतात आणि ती छातीची धडधड व रक्तदाब वाढवू शकतात. पावडर ही दूध-डाळींसारखीच प्रथिनांची एक सोय आहे. जेवणातून प्रथिने पुरत नसतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर ती घेता येते, परंतु डबा तुम्ही स्वतः दुकानातून बिल घेऊन आणा आणि त्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे ना, ते पाहा. ट्रेनरला स्पष्ट सांगा, ‘व्यायामाची फी मी देतो, डबा मी ठरवीन.’ त्यानंतरही शिकवण्यात तो पूर्वीइतकेच लक्ष घालत असेल, तर त्याच्याकडेच पुढे शिका. लक्ष कमी झाले, तर महिना संपल्यावर दुसरा ट्रेनर शोधा.