एजंटला एक रुपयाही देऊ नका

प्रश्न : माझे पती (वय ३८) औषध कंपनीत एमआर आहेत. गटारीच्या रात्री नाकाबंदीत सापडले, मशीनवर ९२ आलं. स्कूटर पोलिसांनी ठेवून घेतली, कोर्टाची तारीख मिळाली आहे. एक एजंट पंधरा हजारांत ‘मिटवून देतो’ म्हणतोय. सासूबाई म्हणतात, दंड भर आणि विषय संपव. स्कूटर माझ्या नावावर आहे. मुलीला सकाळी सातला शाळेत तेच सोडतात. मी काय करू?
– एक वाचक, पनवेल

ताई, आधी एजंटचं. दारू पिऊन गाडी चालवण्याचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा पोलिसांकडे दंड भरून मिटत नाही, तो मॅजिस्ट्रेटसमोरच जातो. त्यामुळे ‘मिटवणं’ म्हणून तो जे विकतोय ते त्याच्याकडे नाहीच. तेच पैसे वकिलाला द्या आणि तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं.

मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची आहे, यांचा आकडा तिप्पट. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. सासूबाई दंडावर थांबल्या, पण खरा फटका पुढे आहे : दोषी ठरल्यावर कोर्टाने किमान सहा महिने लायसन्स बाद करावं असं कायदाच सांगतो. डॉक्टरांकडे फिरण्यावर ज्याचं टार्गेट चालतं, त्याला हे दंडापेक्षा महाग पडेल. म्हणून ‘कबूल करून मोकळे होऊ’ हा निर्णय वकिलाशी बोलूनच घ्या. मशीनची छापील पावती आणि रक्त घेतलं असल्यास त्याचा अहवाल वकिलाला दाखवा.

आता तुमचं. स्कूटर तुमच्या नावावर म्हणजे भानगडही अर्धी तुमची. लायसन्स बाद असताना त्यांना चावी दिलीत तर कलम १८० खाली मालकावर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड. नशेत कुणाला धडक दिली, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊनही ती रक्कम मालकाकडून वसूल करायला येऊ शकते, आणि गाडीच्या दुरुस्तीचा दावा तर बहुधा नाकारलाच जातो. स्कूटर सोडवायला आरसी, विमा, पीयूसी घेऊन जा, आणि सुटल्यावर चावी स्वतःजवळ ठेवा.

शाळेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला. हिशेब करून बघा. सत्तर किलोच्या माणसाने एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली व्हिस्की घेतली, तर रक्तात साधारण १२५ पर्यंत आकडा जाऊ शकतो. यकृत तासाला सुमारे १५ च उतरवतं, कुणाचं त्याहून कमी. चार लार्ज पेग, म्हणजे २४० मिली, रात्री नऊपासून घेतले तर पहाटे सहालाही आकडा तिसाच्या आसपास असू शकतो. लिंबूपाणी, कॉफी, थंड आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. लवंग-विलायचीने वास झाकतो, मशीन फुफ्फुसातली हवा मोजतं. तेव्हा आदल्या रात्री घेतली असेल, तर मुलीला रिक्षाने सोडा किंवा तुम्ही सोडा. ‘मला चढत नाही’ म्हणणाऱ्याचा आकडा कमी नसतो, फक्त सवय जास्त असते.

भांडण पिऊन आल्यावर नको, त्या वेळी केलेलं बोलणं सकाळी आठवतही नाही. दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, कोर्टाचा कागद समोर ठेवून बोला. हळद, लग्न, पार्टी असेल तर पहिला पेग भरायच्या आधी चावी तुमच्याकडे आणि परतीची कॅब ठरलेली. नंतर मागितलेली चावी कुणी देत नाही.

रोज घेत असतील, किंवा सकाळी हात थरथरत असतील, तर ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घालू नका. एकदम थांबवल्यावर पुढच्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. ते यायला तयार नसतील तरी तुम्ही एकट्या फोन करू शकता.