पानशेतचा पूर पाहिलेल्या लोकांचे पोर्ट्रेट फिल्मवर काढायचे आहेत, कॅमेरा आणि फिल्म कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: ‘चेहऱ्यावर पूर दिसेल असे ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट हवेत, म्हणजे सोसायटीतल्या आजोबांच्या पिढीची आठवण राहील.’ कॅमेऱ्याचं उत्तर थोडक्यात देते आणि मग या वाक्याकडे येते, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझं एका माणसाशी वाजलेलं आहे.

कॅमेरा १२० फिल्मचा (नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा रुंद फिल्म), ट्विन लेन्स घ्या, म्हणजे बघायला एक आणि फोटोला एक अशा दोन लेन्सचा. माझ्याकडे याशिका मॅट १२४जी आहे, जुन्यात अजून मिळतो. घेताना त्यातल्या लाइट मीटरवर भरवसा ठेवू नका; शटरचे कमी स्पीड मात्र चालवून बघा आणि लेन्समधली बुरशी उजेडात धरून नीट बघा. एका रोलवर बारा चौकोनी फ्रेम येतात, एका माणसाला पुष्कळ झाल्या. फिल्म इलफर्ड एचपी५ प्लस. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीचा उजेड कितीसा असणार, आणि ही ४०० ची फिल्म ८०० ला पुश केली (८०० ची धरून फोटो काढले आणि धुताना जास्त वेळ दिला) तरी निभावून नेते. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायचा असतो, त्यामुळे तुमच्या आणि समोरच्याच्या तोंडामध्ये यंत्र येत नाही. फ्रेम जुळली की मान वर करायची आणि बोलता बोलता शटर दाबायचं. वयस्कर माणसांशी हे फार जमतं. झालं कॅमेऱ्याचं.

आता ते वाक्य.

पुण्यात गोखलेनगरमधल्या एका मावशींचा फोटो मी काढला. १९६१ साली पूर आला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळ एका वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी मी बरेच दिवस नुसती गप्पा मारायला जात होते. त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी धरण फुटल्याची आवई आली ती वाड्यातल्या मोठ्यांनी उडवून लावली. मुठेला पूर दर पावसाळ्यात यायचा, घाटाच्या पायऱ्या बुडायच्या आणि दोन दिवसांत उघड्या पडायच्या. मग वडील सायकल हातात धरून पळत आले. आईची आमटी शेगडीवर होती. धाकट्याला कडेवर घेऊन सगळे रविवार पेठेत आत्याकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत आईनं विचारलं, ‘शेगडी कुणी विझवली का गं?’ हे सांगताना मावशी इतक्या हसल्या की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. मग एकदम म्हणाल्या, ‘शेगडी काही परत मिळाली नाही.’

परतले तेव्हा वाडा बसला होता. लोक गाळात हात घालून भांडी काढत होते आणि काठावर कोरलेली नावं वाचून एकमेकांना हाका मारत होते. मावशींच्या आईचा पितळी गंज पलीकडच्या गल्लीत मिळाला. तो अजून त्यांच्या ओट्यावर आहे. एका बाजूला पोचा आलाय, काठावर ठिपक्याठिपक्यांत वडिलांचं नाव आहे, त्यातलं आडनाव घासून घासून पुसट झालंय. त्यांच्याच ढिगाऱ्यात दुसऱ्या कुणाच्या नावाचं एक पातेलं निघालं. त्या नावाचं माणूस काही सापडलं नाही. आईनं ते माळ्यावर ठेवलं, कधी चुलीवर चढवलं नाही.

फोटोच्या दिवशी मावशी मुलीच्या लग्नातली नारायणपेठी नेसून बसल्या होत्या. कानात कुड्या, अंबाडा घट्ट. चष्म्यावर खिडकी चमकत होती म्हणून मी तो काढाल का विचारलं, तर म्हणाल्या, ‘राहू दे, त्याशिवाय मला कुणी ओळखत नाही.’ (अशा वेळी चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलायच्या, काच खाली झुकते आणि चमक जाते. हे लक्षात ठेवा, वयस्करांमध्ये चष्मा नसलेला माणूस विरळा.) खुर्ची खिडकीपासून हातभर आत, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला आणखी एका खुर्चीच्या पाठीवर पांढरं धोतर टाकलं, कॅमेरा स्टँडवर. त्या सरळ लेन्सकडे बघत बसल्या, हात मांडीवर. छान फोटो आला. मला आजही तो माझा सगळ्यात चांगला फोटो वाटतो.

फोटोग्राफी क्लबच्या बैठकीत तो मांडला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याकडून मी प्रिंटिंग शिकले, म्हणाले, ‘यात पूर कुठाय? ही तर कार्याला निघालेली बाई आहे.’ मग सगळ्यांसमोर धडाच दिला. घाटावर न्यायचं, साधं लुगडं नेसवायचं, हातात तो गंज द्यायचा, नजर नदीकडे लावायची. ऑर्थो फिल्म (जिला लाल रंग दिसत नाही) वापरायची म्हणजे सुरकुत्या आणि डाग उठून येतात. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. पाणी शहरातून दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरलं. मावशी त्यानंतर साठाहून जास्त वर्षं जगल्यात. टेलिफोन खात्यात नोकरी केली, नवरा लवकर गेल्यावर दोन मुलं शिकवली, पूरग्रस्त वसाहतीतल्या घराच्या मालकीसाठी सोसायटीबरोबर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. चेहऱ्यावर हे सगळं आहे. त्यातली कुठली सुरकुती १२ जुलै १९६१ ची, हे त्या ज्येष्ठांनी मला दाखवून द्यावं. घाटावर उभं करून काढलेला फोटो त्यांच्या मनातल्या पूरग्रस्त बाईचा झाला असता, मावशींचा नाही. बारा वर्षांच्या मुलीचं सगळं चिखलात गेलं, तिनं ठेवणीतली साडी नेसून फोटोला बसायचं ठरवलं, तर ते तिचं म्हणणं आहे. ते पुसून तिथे आपलं दुःख रंगवायचा हक्क फोटोग्राफरला कुणी दिला? आणि गंजाचं म्हणाल तर मी विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, ‘त्यात तांदूळ आहेत, राहू दे तिथंच.’ मी त्याचा ओट्यावरच वेगळा फोटो घेतला, जवळून, नाव वाचता येईल असा.

मग पूर कुठे दाखवायचा? त्यांच्या बोलण्यात. फोनवर रेकॉर्डिंग करा आणि त्यातले त्यांचेच शब्द फोटोखाली छापा. ‘तेव्हा कसं वाटलं’ असं विचारू नका. त्याला सगळे पेपरात वाचलेलं उत्तर देतात. पाणी पहिल्यांदा कुठून दिसलं, घरातलं काय उचललं, रात्री कुणाकडे झोपलात, हे विचारा. पुरानंतर पाणी कुठून भरत होतात हेही विचारा. पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि शहराचे नळच कोरडे पडले, वाड्यांतले बंद पडलेले आड पुन्हा उपसावे लागले. पुराच्या गोष्टीत हा भाग कुणी सांगत नाही, पण बायकांना तो नेमका आठवतो. धरणाचं काय चुकलं ते कागदावर आहे. अर्धवट बांधकामाचं मातीचं धरण पहिल्याच पावसाळ्यात भरू दिलं, जवान रात्रभर वाळूची पोती टाकत राहिले, न्यायमूर्ती बावडेकरांचा आणि त्यांच्यानंतर न्यायमूर्ती नाईकांचा आयोग झाला. शेगडी कुणी विझवली का, हे त्यात नाही. ते विचारायला माणूसच लागतो, आणि तेव्हा बारा वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरी ओलांडून गेलाय. घाई करा.

सांगण्यात वेळा मागेपुढे होतात. कुणी पाणी सकाळी आलं म्हणतं, कुणी दुपारी, आणि दोघंही खरं सांगत असतात, कारण पेठ वेगळी आणि खडकवासल्याचं पाणी नंतर आलं. बोलताना दुरुस्त करू नका. सांगितलं तसं लिहा, नोंदीतली वेळ शेजारी द्या.

काही गोष्टी राहिल्या. डिजिटलवर काढलेत म्हणून काही बिघडत नाही. हात कापणाऱ्या किंवा एका जागी बसवत नसलेल्या माणसासाठी तेच बरं. रंगीत वाईट असं माझं म्हणणं नाही, त्या नारायणपेठीचा रंग माझ्या फोटोत नाही याची मलाही चुटपुट आहे. घाटावरचे फोटोही कुणाला स्वतःहून काढून हवे असतील तर जरूर काढा, आजोबा ‘चल तिथं जाऊ’ म्हणाले तर जाच. सगळे हो म्हणणार नाहीत. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यातले काही आजही त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलत नाहीत, त्यांना गळ घालू नका. पहिला प्रिंट त्या माणसाचा, प्रदर्शन नंतर, आणि प्रिंटच्या मागे जन्मसाल, तेव्हाची पेठ आणि फोटोची तारीख पेन्सिलीनं लिहा.

रोल घरी धुणार असाल तर उन्हाळ्यात पुण्यातल्या नळाचं पाणी फार गरम असतं. डी-७६ हे डेव्हलपर पाण्यात एकास एक करा, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणा आणि मगच टँकमध्ये ओता. गरम डेव्हलपरमध्ये वेळ इतका कमी होतो की फिल्मवर पट्टे येतात, आणि तीच फ्रेम परत मागायला प्रत्येक वेळी ते माणूस असेलच असं नाही. पहिला रोल आजोबांचा काढा, धुतलात की स्कॅन इथेच टाका. शर्ट मात्र त्यांना निवडू द्या.