जाड कुठे आहे, ते बोट ठेवून विचारा

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी ऐरोलीला राहते, नोकरी करते आणि गेली काही वर्षे हौसेने लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातते. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमचा सात-आठ जणांचा गट महिन्यातल्या एका रविवारी जमतो आणि प्रत्येक जण आपले काम टेबलावर मांडतो. मध्यंतरी मी आंब्याच्या लाकडाचा मोठा बाऊल नेला होता आणि ‘खरं खरं सांगा’ असे मीच म्हटले होते. आमच्यातले सर्वांत जुने सदस्य, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी तो हातावर तोलला आणि म्हणाले, ‘हा बाऊल आहे की उखळ? आणि बूड तरी केवढं!’ सगळे हसले, मीही हसले; पण त्यानंतर मी टेबलावर काहीच मांडलेले नाही. गेल्या बैठकीत घणसोलीच्या एका काकांनी नातीसाठी केलेला खुळखुळा आणला. त्याच्या दांड्यावर दोन सुट्या कड्या आहेत. ‘कसा झालाय?’ असे त्यांनी मुद्दाम मला विचारले. एका कडीवर मला केसाएवढी, सुपरग्लूने भरलेली चीर दिसली. त्या क्षणी अण्णा आठवले आणि ‘किती गोड झालाय’ असे म्हणून मी मोकळी झाले. परतताना आम्ही एकाच ट्रान्स हार्बर लोकलमध्ये होतो, तरी मी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात नातीचे उष्टावण आहे. मी खोटे बोलले का? अण्णांचे बरोबर होते का? आणि हा गट सोडावा का?

ताईंचे उत्तर

तुमच्या प्रश्नांपैकी अण्णांच्या प्रश्नाला घाई नाही आणि गट सोडण्याच्या प्रश्नाला तर मुळीच नाही. उष्टावण मात्र पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून मी खुळखुळ्यापासून सुरुवात करते. सहा महिन्यांचे मूल हाती येईल ते तोंडात घालते आणि हिरड्या शिवशिवू लागल्या की ते चावतेही. दांड्यावरच्या सुट्या कड्या दांड्याच्याच लाकडातून कातून मोकळ्या केलेल्या असतात, त्यामुळे पाहणाऱ्याला त्या जादूसारख्या वाटतात आणि करणाऱ्याला त्यांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीने धावत असल्यामुळे कडीत ते जाडीतून आरपार जातात, म्हणजे प्रत्येक तंतूची लांबी कडीच्या जाडीएवढीच उरते आणि कडीच्या सबंध घेरात एकही लांब, सलग तंतू सापडत नाही. म्हणूनच पातळ कडी निर्दोष असतानाही फरशीवर आपटून मोडू शकते आणि जिच्यावर चीर आहे ती मोडणारच असे धरून चालावे. सुपरग्लूने बाऊलच्या काठावरची बारीक भेग भरणे ठीक आहे, पण जी वस्तू चघळली जाणार, भिजणार आणि दिवसातून दहादा खाली पडणार, तिच्या बाबतीत त्याचा भरवसा धरता येत नाही.

खेळण्यांच्या मानकांमध्ये लहान तुकडा कशाला म्हणावे हे ठरवण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातून सुटलेला जो तुकडा त्या नळीत पूर्ण मावतो, तो घशात अडकण्याजोगा समजला जातो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी भारतीय मानक सक्तीचे झाले आहे. आजोबांनी घरी केलेल्या खुळखुळ्यावर कोणी शिक्का मागणार नाही, हे खरे. पण मोडलेल्या कडीचा अर्धा तुकडा त्या मापात सहज बसेल, शिवाय त्याची दोन्ही टोके टोकदार असतील.

तेव्हा काकांना आजच फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. उत्तरादाखल एक अंगठा येईल आणि त्यांना नेमके काय कळले हे तुम्हाला कळणार नाही. बोलण्यासाठी मी हे शब्द सुचवते: ‘काका, त्या दिवशी मी नुसतं छान म्हटलं आणि महत्त्वाचं बोलायचं राहून गेलं. एका कडीवर चीर आहे, तुम्ही ग्लूने भरलीत ती. तोंडात असताना कडी तिथून मोडली तर, अशी मला भीती वाटते. उष्टावणाच्या आधी आपण दुसरा करू या का? मी येते मदतीला.’ यात दोष कुठे आहे ते आहे, त्यातून काय होऊ शकते ते आहे आणि पुढे काय करता येईल तेही आहे. काकांच्या कौशल्याबद्दल मात्र एक अक्षरही नाही, कारण तो विषयच नाही. दुसरा खुळखुळा बिनकड्यांचा, एकसंध, हळदू किंवा काळ्या कुड्यासारख्या घट्ट आणि बारीक पोताच्या लाकडाचा करावा आणि त्यावर चकचकीत वार्निश चढवण्यापेक्षा नीट सँडिंग करून तो कोरडाच ठेवावा, असे माझे मत आहे. कड्यांचा खुळखुळा काकांनी शोकेसमध्ये ठेवावा. नात मोठी झाली की तिला तो कौतुकाने दाखवता येईल.

काका दुखावतील का? थोडे दुखावतील. जिथे कोणाला इजा होण्याची शक्यता आहे, तिथे समोरच्याला वाईट वाटेल का हा विचार दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तुम्ही खोटे बोललात का, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. खुळखुळा गोड झाला असेलच. तुम्ही जे पाहिले ते सांगितले नाही एवढेच, आणि ते सांगायला अजून वेळ आहे.

आता अण्णा. त्यांचे वाक्य मी तुमच्या पत्रात दोनदा वाचले, कारण त्यात एक बरोबर निरीक्षण, एक आवडीनिवडीची बाब आणि एक विनोद असे तिन्ही एकात एक अडकले आहेत आणि तुमच्यापर्यंत फक्त विनोद पोहोचला. बाऊल जड आहे, हे निरीक्षण बहुधा खरे असावे. नवशिक्यांच्या बाऊलमध्ये वजन नेहमी एकाच जागी साचते: भिंत संपून तळ सुरू होतो त्या वळणावर. तळ फुटेल या भीतीने हात तिथे आखडतो हे एक कारण, आणि दुसरे कारण हत्यारातच असते. नेहमीच्या गाऊजचा, म्हणजे बाऊल कोरायच्या पन्हळी पटाशीचा, धारेमागचा उतार साधारण ४० ते ४५ अंशांचा असतो आणि खोल बाऊलच्या त्या वळणावर पोहोचेपर्यंत दांडा काठाला अडतो, उतार लाकडावरून सुटतो, टूल थरथरू लागते किंवा कॅच लागतो, म्हणजे धार लाकडात अचानक रुतून झटका बसतो, आणि आपण घाबरून हात मागे घेतो. त्या जागेसाठी बरेच टर्नर, म्हणजे लाकूड कातणारे, ६० अंशांच्या पुढे, बोथट उताराला धार लावलेला दुसरा गाऊज वापरतात. अण्णांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी ‘उखळ’ म्हणण्याऐवजी त्या वळणावर बोट ठेवले असते आणि ‘इथे दुसरा गाऊज घे’ एवढेच म्हटले असते, तर तुमचा पुढचा बाऊल त्याच महिन्यात टेबलावर आला असता.

बुडाची गोष्ट वेगळी आहे. बुडाचा व्यास काठाच्या व्यासाच्या एक तृतीयांश असावा असा एक ठोकताळा टर्नर मंडळींमध्ये प्रचलित आहे आणि त्या प्रमाणात केलेला बाऊल डोळ्यांना हलका दिसतो, यात शंका नाही. पण जो बाऊल जेवणाच्या टेबलावर राहणार, ज्यात लाडू भरले जाणार आणि ज्याला येता-जाता मुलांचे हात लागणार, त्याचे बूड रुंद असलेले बरे. भिंत असमान असणे, एकमेकांसमोरच्या दोन ठिकाणी तंतू उचकटलेले राहणे, १२० नंबरच्या सँडपेपरचे ओरखडे पॉलिशखाली दिसणे, हे दोष आहेत आणि त्यांबद्दल दोन जाणकारांमध्ये सहसा मतभेद होत नाहीत. बूड, रंग, काठाचा आकार, नक्षी या बाबतीत मात्र अण्णांचे मत हे एक मत आहे, मग त्यांचा हात कितीही जुना असो. ऐकणाऱ्याने एवढे वेगळे करायला शिकले तर अर्धी जळजळ तिथेच कमी होते. काही वेळा तर दोष करणाऱ्याचाही नसतो. मे महिन्यात अचूक बसवलेले डबीचे झाकण आपल्याकडच्या जुलैच्या हवेत लाकूड फुगून अडकते आणि ते पाहून कोणी ‘फिटिंग चुकलं’ म्हणाले, तर आधी डबी कधी केली हे विचारावे.

तुम्ही ‘खरं खरं सांगा’ म्हणालात, त्याबद्दलही मला एक सांगायचे आहे. इतका मोकळा प्रश्न विचारला की समोरच्याला जे सुचेल ते तो बोलतो, आणि टेबलाभोवती माणसे असली की बहुतेकांना विनोदच सुचतो. त्याऐवजी ‘आतला वळसा बाहेरच्या वळशाशी जुळतो का?’ असे विचारा. अशा प्रश्नाला उत्तर देण्यासाठी वस्तू हातात घ्यावीच लागते, काठापासून तळापर्यंत आतून-बाहेरून दोन बोटे फिरवावी लागतात आणि तेवढ्या वेळात माणूस गंभीर होतो.

हौशी मंडळींमध्ये स्पष्ट बोलणे इतके अवघड का जाते, याचे कारण मला तरी सरळ दिसते. लाटणी, भोवरे आणि पाळण्याचे खूर कातून पोट भरणाऱ्या कातारी माणसाला अभिप्राय मागत फिरावे लागत नाही. लाटणे वाकडे असले की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ते घेऊन दारात उभे राहते. हौशी माणसाकडे गिऱ्हाईक नसते. त्याची वस्तू घरच्यांना आणि मित्रांना भेट म्हणून जाते, भेटीला कोणी नावे ठेवत नाही, आणि मग रविवारच्या टेबलावर मिळणारी ‘वा, सुरेख!’ हीच त्याची कमाई होऊन बसते. ती कमाई कोणी हिसकावली की राग येणारच. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही १९८६ साली स्थापन झालेली संस्था आपल्या वार्षिक संमेलनात सदस्यांनी मांडलेल्या कामांपैकी काही निवडून त्यांवर जाणकारांना सर्वांसमोर बोलायला लावते, म्हणजे तिकडेही ही सोय मुद्दाम करावी लागते. ती आपोआप होत नाही.

तुमच्या गटातही ती करता येईल, आणि म्हणूनच गट सोडू नका असे मी म्हणते. वस्तू मांडणाऱ्यानेच आधी बोलावे, काय साधायचे होते, कुठे फसले आणि कशाबद्दल ऐकायचे आहे ते सांगावे. ‘आज फक्त दाखवायला आणलंय’ असे म्हणण्याचीही मुभा असावी आणि तसे म्हटल्यावर बाकीच्यांनी खरोखरच गप्प बसावे. आधी दोन गोड वाक्ये, मग टीका, मग पुन्हा एक गोड वाक्य, ही जी पद्धत हल्ली ऑफिसांतून शिकवतात ती मात्र लेथच्या गाळ्यात आणू नका. ऐकणारा पहिल्या दोन वाक्यांकडे लक्षच देत नाही, तो ‘पण’ची वाट पाहत बसतो आणि खरी दादसुद्धा वाया जाते. बाऊल एकदा चकवरून, म्हणजे लेथच्या पकडीवरून, उतरला की त्यातून गेलेले लाकूड परत येत नाही, त्यामुळे त्याच्या आकाराबद्दल जे बोलायचे ते पुढच्या बाऊलच्या कामी येईल असेच असावे. वस्तू अजून लेथवर असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा सांगितलेली अर्धी सूचनाही लगेच अंमलात येते. म्हणून बोलघेवड्या सदस्यांना टेबलापेक्षा लेथच्या बाजूला उभे करा.

अण्णांना तुम्ही स्वतः भेटा, बैठक सुरू होण्यापूर्वी, बाकीची मंडळी चहावर असताना. ‘अण्णा, तुम्ही उखळ म्हणालात ते मला लागलं. पण जाड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा, मला शिकायचंय,’ असे सरळ म्हणा. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला ‘मला लागलं’ हे ऐकवणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानतात. मला ते तसे वाटत नाही, कारण तुम्ही त्यांच्याकडे दुसरे वाक्य घेऊनही जात आहात. ते वरमले तर ठीक. हसण्यावारी नेले तरी बोट ठेवायला नाही म्हणणार नाहीत.

आणि तो आंब्याचा बाऊल घरात डोळ्यासमोर नकोसा झाला असेल, तर तो गाळ्यात नेऊन मधोमध कापा. बरेच शिक्षक हे मुद्दाम करायला लावतात. कापलेल्या कडेवर भिंतीची जाडी काठापासून तळापर्यंत एका नजरेत दिसते, जी कॅलिपरने जागोजागी मोजूनही तितकी उमगत नाही. अण्णांनी दाखवलेल्या जागी आधी पेन्सिलने खूण करून ठेवा, म्हणजे त्यांचे बोट बरोबर जागी होते का तेही कळेल. फक्त तो बँडसॉवर, म्हणजे फिरत्या पट्टीच्या यंत्रकरवतीवर, नुसता धरून कापू नका. गोल वस्तूला खाली सपाट आधार नसला की पाते तिला गरकन फिरवते आणि हात आत ओढला जातो. बाऊल काठावर उपडा ठेवून, दोन्ही बाजूंनी पाचर लावून तो पाटाला पक्का आवळावा, किंवा सरळ हातकरवत घ्यावी. आंब्याचे लाकूड फार कठीण नसते, वेळ लागेल पण कापले जाईल.