बीफ खिम्याची झटपट करी करताना खिमा पाणी सोडून उकडल्यासारखा होतो, काय करावे?

पसरट पॅन कडकडीत तापवा आणि अर्धा किलो खिमा दोन घाण्यांत परता. सगळा एकदम टाकला की पॅन थंड पडतो, पाणी साचतं; आणि पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांपुढे जात नाही. खमंग तपकिरी रंग धरतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे. म्हणून पहिली 2-3 मिनिटं उलथनं लावूच नका. चरचर आवाज येऊन खालची बाजू तपकिरी झाली की मगच फोडा. करी पावडर कांदा परतल्यावर त्याच तेलात अर्धा मिनिटच, नाहीतर कडवट होते. मग टोमॅटो, खिमा, मीठ आणि 10 मिनिटं झाकण. हे फक्त खिम्यासाठी. रश्श्याच्या मोठ्या तुकड्यांना मऊ व्हायला मंद आचेवर दीड-दोन तास द्यावेच लागतात.